मडमआईचं वय

कुरुंद्याच्या शिवारात, ओढ्याच्या अंगाला सुमनबाई आणि दगडोबा या नवराबायकोचं अडीच एकर हळदीचं रान आहे. रानाच्या कोपऱ्यात दगडी बांधणीची जुनी विहीर आणि विहिरीच्या काठावर गुडघाभर उंचीचा एक सपाट काळा दगड. त्या दगडाला सगळे मडमआई म्हणत. कधीकाळी पलटणीबरोबर जाणारी एक गोरी बाई इथं मेली, एवढंच गावाला ठाऊक होतं.

सुमनबाई लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूनं तिला सांगून ठेवलं होतं की हळद शिजवायला चूल पेटवण्याआधी मडमआईपुढं हिरव्या बांगड्या आणि खण ठेवायचा. बाई परक्या मुलखात मेली, तिची ओटी कुणी भरली नसेल, आपण भरायची. सुमनबाईनं हे त्रेचाळीस वर्षं चुकवलं नाही. चुलीवरच्या कढईचे दिवस गेले, ट्रॅक्टरवर हळदीचे कुकर आले, तरी बांगड्या चालूच राहिल्या.

आणि अधूनमधून तिला मडमआई स्वप्नातही दिसायची. पायघोळ पांढरा झगा घातलेली उंच बाई, हळदीच्या सऱ्यांमधून पाठमोरी चाललेली. पानं छातीएवढी उंच, पण ती गेली तरी एक पान हलायचं नाही. सुमनबाई हाक मारायची, ती वळायची नाही. जाग आल्यावर भीती वाटायची नाही, नुसतं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी रानात शिरलं. विहिरीची एक कड खचली आणि मडमआईचा दगड आडवा होऊन चिखलात रुतला. दिवाळीनंतर रान वाळलं तेव्हा दगडोबानं आणि पोरानं साखळी लावून ट्रॅक्टरनं तो ओढून काढला. तेव्हा कळलं की दगड दिसत होता त्याच्या दुप्पट मोठा होता, आणि मातीखालच्या भागावर काहीतरी कोरलेलं होतं. सून प्रतिक्षा भांडी घासायचा ब्रश घेऊन बसली.

"इंग्रजी हाय, आत्या," ती म्हणाली. "पण लागत न्हाई."

दगड पुन्हा बसवायचा तर रीतसर बसवावा, म्हणून सुमनबाईनं वसमतहून विश्वंभर गुरुजींना बोलावलं. गुरुजींच्या घराण्याकडं देवळाची पूजा होती, पण त्यांनी स्वतः तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. जुन्या कागदांना बांधलेल्या लाल फडक्यांचा वास अजून त्यांच्या बोलण्यातून यायचा. पौष महिना होता. सकाळचं धुकं विहिरीवरून उठता उठत नव्हतं. गुरुजींनी ताम्हण-पळी मांडली, आचमन केलं आणि थांबले.

"संकल्पात नाव घ्यावं लागतं. कोणाच्या नावानं बसवायचं?"

"मडमआई म्हना की," सुमनबाई म्हणाली.

"मडम हे नाव न्हाई, बाई. पोस्टमनला आपण पोस्टमन म्हणतो, म्हणून त्याच्या आईनं बारशाला तेच नाव ठेवलं होतं का?"

दगडोबा बाजूला बसून विळ्याला धार लावत होता. तो तसा कमीच बोलायचा.

गुरुजींनी वाटीभर हळद ओली करून मागवली, दगडाला फासली आणि कोरड्या फडक्यानं वरवर पुसून घेतली. खोदलेल्या रेघांमध्ये तेवढा पिवळा रंग राहिला. वरचा भाग उन्हापावसानं झिजून गेला होता, मधला पोपडा उडालेला होता. पण एक नाव आणि एक साल उमटलं. एलेन. अठराशे सदुसष्ट.

"एलेन," सुमनबाई हळूच म्हणाली. तोंडात अनोळखी फळ धरल्यासारखं तिनं ते नाव धरलं.

"पुढं काय? कोणाची कोण? न्हाई तर मी अर्धाच संकल्प सोडणार का?" गुरुजींनी पळी ताम्हणात ठेवून दिली. "हिंगोलीला निजामाच्या राज्यात फौजेची छावणी होती. गोरे अंमलदार होते म्हणजे चर्च होतं, आणि चर्च होतं म्हणजे वह्या असणारच. ही माणसं नोंद केल्याबिगर माती देत नव्हती. चला, पाहून येऊ."

"आपन? चर्चमधी?"

"कागदाला जात नसते, सुमनबाई. वाळवी मात्र सगळ्यांची एकच."

पुढच्या मंगळवारी दोघं वसमतहून हिंगोलीच्या बसमध्ये बसली. जवळा बाजारला बस भरली. कापसाची, सोयाबीनची बोलणी, कोंबड्या, एका बाईच्या मांडीवर नवीकोरी घागर. सुमनबाई खिडकीला टेकली होती. बाहेर धुक्यात झाडं मागं जात होती की तीच मागं जात होती, हे तिला नीट कळत नव्हतं. डोळा लागायचा, उघडायचा, आणि मध्येच पांढरं काहीतरी शेताच्या कडेनं बसबरोबर चालल्याचा भास व्हायचा.

छावणीच्या जुन्या भागातलं ते चर्च लहानसं होतं, शाळेच्या दोन खोल्यांएवढं. किल्ली शिला टीचरांकडं होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्यापासून त्या चर्चचे जुने कागद सांभाळत होत्या. सदुसष्ट वर्षांची बारकी बाई, चष्म्याला दोरी. त्यांनी दोघांना मागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि मग हात पुसायला फडकं दिलं.

"पेन खिशात ठेवा, गुरुजी. इथं फक्त पेन्सिल. एका वेळी एकच वही बाहेर निघेल. पान मी उलटणार."

गुरुजी इतके खूश झाले की त्यांना हसू आवरेना. "माझ्या रेकॉर्ड रूममध्ये हेच सांगता सांगता जन्म गेला, टीचर. कुणी ऐकलं न्हाई."

खोलीत एकच खिडकी होती. तिच्यातून दुपारचं ऊन तिरपं येऊन टेबलावर पडलं होतं आणि त्या उन्हात धुळीचे कण संथ फिरत होते. पत्र्याच्या ट्रंकेतून टीचरांनी कडुनिंबाचा पाला बाजूला सारून एक पातळ वही काढली.

"ही सूची आहे. यात नुसती नावं आणि पान नंबर. पुष्कळ लोक सूचीत नाव सापडलं की उठून जातात. पण सूची म्हणजे नोंद न्हाई, ती नुसतं बोट दाखवते." मग जाड वहीकडं हात करून त्या म्हणाल्या, "ही नोंदवही. बाप्तिस्म्याची एक, लग्नाची एक, दफनाची एक. आमच्यात माणूस असा तीनदा वहीत येतो."

"आन आमचा सातबारावर आला तर आला," सुमनबाई म्हणाली.

टीचर हसल्या. "पण आणखी एक सांगते. ही मूळ वही न्हाई. छावणी उठली तेव्हा मूळ वह्या धर्मप्रांताच्या कचेरीत गेल्या. जायच्या आधी कुणीतरी बसून त्या उतरवून घेतल्या. ही ती नक्कल."

"अस्सल बरहुकूम का?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्या दफ्तरात नकलेखाली तसं लिहितात. मुळाशी ताडून पाहिली, शब्द न् शब्द बराबर आहे, असं."

टीचरांनी वहीचं शेवटचं पान उघडून पाहिलं. तिथं तसं काही लिहिलेलं नव्हतं. गुरुजींनी नुसतं "हं" केलं.

सूचीत एलेन नावाच्या चार जणी निघाल्या. टीचर एकेक पान नंबर बोलत, वही उघडत, बोट कागदाला न लावता पेन्सिलीच्या मागच्या टोकानं ओळ दाखवत. पहिली एलेन सुभेदाराच्या बंगल्यातली दाई होती आणि म्हातारी होऊन मेली होती. दुसरीचं लग्न होतं. तिसऱ्या एलेनपाशी त्या थांबल्या आणि त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. सन अठराशे सदुसष्ट, फेब्रुवारी. कुरुंदा मुक्कामी दफन. एलेन. सर्जन हॅडली यांच्या घरची. वय तेवीस. कारण, ताप.

सुमनबाईनं पदर तोंडाला लावला. एवढी वर्षं जिची ओटी भरली, तिचं कुणीतरी शाईनं लिहून ठेवलं होतं आणि ते कागद इथं पाल्याखाली पडून होते.

"तेवीस," ती म्हणाली. "आमची प्रतिक्षा घरात आली तवा एवढीच होती."

गुरुजींनी पेन्सिलीनं उतरून घेतलं. परतीच्या बसची वेळ होत आली होती. टीचर मात्र वही मिटायला तयार नव्हत्या.

"मी अजून पाहते. एक नोंद म्हणजे एकच साक्षीदार. हॅडलीसाहेबांचं नाव दुसरीकडं कुठं येतं का, ते पाहून तुम्हाला फोन करते."

त्या आठवड्यात सुमनबाई दुपारी विहिरीवर, जांभळाखाली अंग टाकून पडली होती. समोर कापलेल्या हळदीचा पाला वाळत होता, त्याचा गोडूस वास सगळ्या रानावर बसला होता. डोळा लागला आणि ती बाई आली. या वेळी ती वळली. तेवीस वर्षांचा चेहरा, उन्हानं लाल झालेला, कपाळावर घाम. तिनं सुमनबाईच्या हातातल्या बांगड्यांकडं पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणाली की नको म्हणाली, ते कळायच्या आत बैलाच्या घंटेनं जाग आली.

तिनं दगडोबाला सांगितलं. "तोंड दिसलं आज. लई कोवळी हाय."

दगडोबानं विचारलं, "काही बोलली का?"

"न्हाई."

त्यानं विहिरीकडं पाहिलं. "चांगली असंल," एवढंच म्हणाला.

शनिवारी टीचरांचा फोन आला. फोन प्रतिक्षानं स्पीकरवर लावला.

"सुमनबाई, तुमची मडम मेलेली न्हाई."

"आता काय सांगून राहिल्या तुमी, टीचर?"

"म्हणजे सदुसष्ट साली मेली न्हाई. बाप्तिस्म्याच्या वहीत सत्तर सालचं पान आहे. मुलगा झाला. बाप सर्जन हॅडली, आई एलेन. दोघं हिंगोलीलाच होते. तीन वर्षांपूर्वी मेलेली बाई लेकरू घेऊन चर्चमध्ये कशी येईल?"

गुरुजींना कळवल्यावर त्यांनी आपली शंका काढली. साहेबानं दुसरं लग्न केलं असेल, दुसरीचंही नाव एलेनच असेल. टीचर म्हणाल्या, लग्नाच्या वहीत तसं काही नाही, पण लग्न दुसऱ्या गावीही झालेलं असू शकतं, म्हणून खात्रीनं बोलता येत नाही. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. नकलेवर भागणार नाही, मूळ पाहिलं पाहिजे. टीचरांनी कचेरीला पत्र लिहिलं, वहीचं नाव, साल, पान, नोंदीचा क्रमांक सगळं देऊन. नुसतं 'एलेनची माहिती द्या' म्हटलं असतं तर वर्ष गेलं असतं, त्या म्हणाल्या. नेमकी जागा सांगितली की माणूस उठून ते पान काढतो.

उत्तर यायला अठरा दिवस लागले. ते दिवस सुमनबाईला फार विचित्र गेले. रानात हळद खणायला बाया लागल्या होत्या, कुदळीनं गड्डे वर यायचे, माती झटकली की आत पिवळं दिसायचं. ती काम करायची, पण दगडाजवळून जाताना हात जोडायला उचलले की थांबायचे. खाली कोण आहे? हात कुणाला जोडायचे? स्वप्नात आता नुसता झगा यायचा, आत कुणी नसलेला, वाळत घातलेल्या कपड्यासारखा सऱ्यांवरून तरंगत जाणारा.

एकोणिसाव्या दिवशी टीचर स्वतःच कुरुंद्याला आल्या. फोनवर सांगायची गोष्ट नाही, म्हणाल्या. वसमतहून त्यांनी गुरुजींनाही बरोबर घेतलं होतं. ओसरीवर सतरंजी टाकली, चहा झाला. दगडोबा खांबाला टेकून बसला. टीचरांनी पिशवीतून कागद काढला. कचेरीनं मोबाइलवर पाठवलेल्या फोटोची त्यांनी मोठी प्रत काढून आणली होती.

"हे मूळ पान. हा वयाचा रकाना. तेवीसच्या आकड्याशेजारी हे बारकं अक्षर दिसतं? आता वरची ओळ पाहा. चाळीस, आणि शेजारी वेगळं अक्षर. खाली सात, त्याच्याशेजारी आणखी वेगळं. लिहिणारा पाळक प्रत्येक आकड्यापुढं वर्षं, महिने की दिवस, ते एका अक्षरात लिहायचा. नक्कल करणाऱ्यानं आकडे घेतले, अक्षरं सोडली."

"मग हे अक्षर कशाचं?" सुमनबाईनं विचारलं.

"दिवसाचं."

"तेवीस दिवस," टीचर म्हणाल्या. "सर्जनची मुलगी. पलटण कूच करत होती, आई बाळंतीण, गाडीत. तुमच्या विहिरीवर मुक्काम पडला. समासात लिहिलं आहे की विहिरीच्या काठाला पुरलं. आणि इथं दोन शब्द आहेत, घरगुती बाप्तिस्मा. आमच्यात नाव ठेवायचं काम पाळकाचं. पण लेकरू जाणार असं दिसलं आणि पाळक जवळ नसला, तर कुणीही पाणी घालून नाव ठेवू शकतं. आई, दाई, कुणीही. देव ते मानतो आणि वहीत ते लिहितात. आईनं स्वतःचंच नाव दिलं. दुसरं सुचायला वेळ कुठं होता?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

सुमनबाई कागदाकडं पाहत होती. एवढीशी ओळ. तेवीस दिवसांच्या जिवासाठी कुणीतरी टाक बुडवला होता. तिला स्वतःचं पहिलं बाळंतपण आठवलं. मुलगी झाली होती, नऊ दिवसांची होऊन गेली. बारशाच्या आधीच. नाव नाही, कागद नाही. बाळंतिणीच्या खोलीतून तिला सासऱ्यानं आणि दगडोबानं उचलून नेलं होतं. कुठं, ते सुमनबाईला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. विचारायचं नसतं, असंच होतं तेव्हा.

तिनं मान वर केली तर खांबाजवळची जागा रिकामी होती. दगडोबा उठून गेला होता.

तो तिला विहिरीवर सापडला. आडव्या दगडाशेजारी उकिडवा बसला होता, तळहात मातीवर टेकवून.

"काय झालं वो?"

"आपली बी हितंच हाय," तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. "कोन आपली?"

"पोरगी."

वारा पडला होता. विहिरीत एक पारवा घुमत होता तेवढाच आवाज.

दगडोबा मातीकडं बघतच बोलला. "बा म्हनला, हिला कुठं वढ्याकाठी एकलीला ठेवायची? मडमजवळ ठेवू. बाईमाणूस हाय, मांडीवर घेईल. म्हून हितं आणली. इतकी सालं मला तेच वाटायचं. काही झालं तरी पोरीला खाली आई हाय." त्यानं माती तळहाताखाली दाबली. "आन ती तर सोताच तेवीस दिसाची."

सुमनबाई खाली बसली. पोरगी गेल्यापासूनही एकेचाळीस वर्षं ती या जागेवर येत होती, इथली धूळ तिच्या कपाळाला लागत होती.

"काहून सांगितलं न्हाई मला?"

"बा म्हनला, बाईला जागा सांगू नको. ती तिथंच बसून ऱ्हाईल."

"आन मी बसले न्हाई का? दर साली हितंच तर बसले मी."

ती रडली, मोठ्यानं, रानातल्या बाया थांबून बघेपर्यंत. मग तिनं डोळे पुसले आणि तळहात त्याच्या हाताशेजारी मातीवर ठेवला. माती उन्हानं कोमट झाली होती. दोघं तशीच बसून राहिली, आणि उन्हाची एक तिरीप पाण्यावरून परतून त्यांच्या तोंडांवर हलत राहिली. किती वेळ, कुणी मोजला नाही. शेवटी टीचर आणि गुरुजी बांधावरून येताना दिसले, तेव्हा सुमनबाईनंच त्यांना सगळं सांगितलं. टीचरांनी तिला जवळ घेतलं.

दगड त्याच आठवड्यात बसवला. गावात बातमी पसरली होती. शेजारची पद्माबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मडम न्हवतीच म्हनता? मग माझ्या पोरीच्या लग्नाच्या नवसाला पावलं कोन?"

"लेकरू पावलं असंल," सुमनबाई म्हणाली. "लेकरं काय कमी ऐकतात का?"

पद्माबाईनं थोडा विचार केला आणि घरी जाऊन नातवाचं जुनं झबलं धुऊन घेऊन आली.

या वेळी हिरव्या बांगड्या नव्हत्या. काजळाची डबी होती, चांदीचे बारके वाळे होते, प्रतिक्षानं शिवलेली कुंची होती. जवळा बाजारहून दगडोबाची थोरली बहीण, पंचाहत्तर वर्षांची गंगूताई, काठी टेकत आली होती. ती आत्या, तिच्याशिवाय नाव कोण ठेवणार?

गुरुजींनी पळीत पाणी घेतलं. "पहिली एलेन. सर्जन हॅडली आणि एलेन यांची लेक. दुसरीचं नाव?"

सगळे सुमनबाईकडं पाहू लागले. तिनं नाव ठरवलेलं होतं, आज नव्हे, तेव्हाच, पोटात असतानाच. कुणी विचारलं नव्हतं म्हणून ते आतच राहिलं होतं. तिनं ते गंगूताईच्या कानात सांगितलं. गंगूताई कशीबशी गुडघ्यावर बसली, मातीशी वाकली आणि बारशाला करतात तसं 'कुर्रर्र' करून म्हणाली, "शीतल." मग तिनं पोरीचं नाव पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं, म्हातारीला स्वतःलाच नीट ऐकू आलं नसल्यासारखं. गुरुजींनी पाणी सोडलं.

जेवणं झाल्यावर टीचरांनी एक कोरा कागद काढला. मूळ नोंदीत गाव आणि विहिरीचा काठ होता, पण कोणती विहीर, ते नव्हतं. ती लिहून, दगडाचा फोटो लावून त्यांना फाइलला जोडायची होती, पुढं कुणी शोधत आलं तर. गुरुजींनी वळणदार अक्षरात लिहिलं, गट नंबर, विहीर, ओढ्यापासून किती पावलं. लिहून झाल्यावर ते थांबले.

"टीचर, या जागेत दोघी आहेत. कागदावर एकच लिहिली तर ते बराबर होईल का?"

"वही चर्चची आहे, तिच्यात आपल्याला हात लावता येत न्हाई," टीचर म्हणाल्या. "पण हे टिपण जागेचं आहे. जागेत दोघी असतील तर टिपणात दोघी."

"तिथी सांगा, सुमनबाई."

"नागपंचमीला झाली. राखीच्या आदल्या दिशी गेली. थोरल्या पोराच्या आधी दोन सालं."

गुरुजींनी पंचांगाचा हिशेब मनात केला, तारखा लिहिल्या, आणि वयाच्या जागी आकडा घालून त्याच्यापुढं पूर्ण शब्द लिहिला. नऊ दिवस. खाली सही केली. टीचरांनी वाचून पाहिलं, शब्द न् शब्द, आणि शेजारी आपली सही केली.

साडेचारच्या बसनं दोघं गेली. पाहुणे पांगले. बाया पुन्हा खणायला लागल्या. सुमनबाई आणि दगडोबा विहिरीवरची भांडी गोळा करत होते. ताटं एकात एक घालता घालता ती थांबली.

"अंगावर काय व्हतं तिच्या?"

दगडोबानं हातातली कळशी खाली ठेवली. "लुगड्याचा तुकडा. आईनं फाडून दिला व्हता."

"कसला?"

"अंजिरी. काठ पिवळा व्हता."

सुमनबाईला आठवलं. माहेरहून आलेलं ते लुगडं. त्याचा पदर एका बाजूनं फाटलेला दिसला तेव्हा तिनं सासूला किती बोल लावले होते, आणि सासू एक शब्द न बोलता ऐकून घेत चुलीपुढं बसून राहिली होती.

"आईनं सांगितलं न्हाई मला," ती म्हणाली.

"न्हाई सांगितलं."

"डोळे मिटलेले व्हते का?"

"मिटलेले. झोपल्यावानी." तो तिच्याजवळ येऊन बसला. "केस लई व्हते गं डोक्यावर. काळेभोर. तुला याद हाय का?"

"हाय की," सुमनबाई म्हणाली. "सांगा, अजून सांगा."

आणि तो सांगू लागला.